पाटीवर कोणाचे नाव?

आकाशकंदिलाच्या रंगीत कागदाचे कौतुक सगळे करतात. आतल्या कामट्यांचे कोणी करीत नाही. कामट्या दिसू लागल्या म्हणजे कंदील फाटला, असेच आपण धरून चालतो. खेड्यातल्या कारागिरांचा माल विकणारी जी लहान लहान दुकाने अलीकडे हमरस्त्यांच्या कडेला निघू लागली आहेत, त्यांच्या पाट्यांविषयी माझी तक्रार हीच आहे. कागद फार सुरेख. कामट्या कोणी बांधल्या त्याचा पत्ता नाही.

फराळाचे ताट पुढे असताना भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण ज्या मालाविषयी भांडण आहे तो याच दिवसांत अधिक खपतो, आणि तो घेणारे बहुतेक तुम्हीआम्हीच असतो. तेव्हा दुसरा मुहूर्त पाहण्यात अर्थ नाही.

मी शाळामास्तर आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांमुळे गावात कशाला नाव ठेवायचे झाले की माणसे माझ्या दारी येतात. मुले, म्हशी, बचत गट, तरुण मंडळे, एस. टी. थांब्याजवळचे चहाचे हॉटेल, अशी पुष्कळ बारशी माझ्या हातून झाली आहेत. मुलाच्या बारशाला आत्याचा मान. बाकीच्या बारशांना मास्तर हीच गावाची आत्या. म्हणून या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी समजतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आमचा मुलूख मलकापूरच्या पुढचा, आंबा घाटाच्या अलीकडचा. पाऊस दांडगा आणि बांबूही दांडगा. तिच्या माहेरी बुरुडकाम, सासरीही बुरुडकाम. ती, तिची सासू आणि धाकटी जाऊ अशा तिघीजणी विणतात. सासरा आणि नवरा बांबू तोडून आणतात. आजवर माल बाजाराच्या दिवशी गोणपाटावर मांडून विकायचा, अशी रीत होती. आता बचत गटाच्या कर्जावर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला दहा फुटांचा गाळा त्यांनी भाड्याने घेतला होता, आणि गाळ्याला नाव हवे होते.

"गुरुजी, तुम्हीच कायतरी ठेवा," ती म्हणाली. "लोकांनी लई नावं धाडल्यात, पण त्यातलं एकबी मला वाचून कळंना."

तिने फोन माझ्या हातात दिला. नावे सुचवणाऱ्यांत तालुक्याचे एक साहेब होते, सरपंचांचे चिरंजीव होते, मुंबईचा एक चुलतदीर होता आणि जाहिरातींची चित्रे काढणारा पुण्याचा एक तरुण होता. तो एकदा गाळ्यापाशी गाडी थांबवून तीन परड्या घेऊन गेला होता आणि तेव्हापासून दुकानाचा हितचिंतक झाला होता. नावे अशी: वेणुशिल्प. वंशवेल. हरिततृण. सृजनरेषा. बांबू टेल्स. ग्रीन नॉट. मातीचं देणं. शेवटचे नाव बांबूला कसे लागू पडते, ते सुचवणाऱ्यालाच ठाऊक.

दोनदा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले, की या सबंध यादीत टोपली हा शब्द नाही. सूप नाही. गावाचे नाव नाही. आणि ज्या तिघींच्या बोटांना कामट्यांनी घट्टे पाडले आहेत, त्यांच्यापैकी एकीचेही नाव नाही.

सर्वांचा कल 'वेणुशिल्प'कडे होता. वेणू म्हणजे संस्कृतात बांबू, हे खरे. पण मराठी माणसाला वेणू म्हटले की कृष्णाची मुरली आठवते, आणि बाईमाणसाला वेणी आठवते. अशाच धर्तीचे नाव घेतलेले एक दुकान मी दुसऱ्या एका तालुक्यात पाहिले आहे. तेथे एस. टी.तून उतरलेल्या एका म्हातारीने शेवंतीच्या वेणीचा भाव विचारला. पुढे त्या दुकानदाराला त्या झोकदार पाटीखाली खडूने लिहावे लागले: 'सुपे व टोपल्या मिळतील.' गिऱ्हाईक थांबते ते त्या खडूच्या ओळीला वाचून. रंगवलेली ओळ कशासाठी आहे, हे मी त्याला विचारले नाही. त्याच्या मुलाने ती हौसेने करून घेतली होती.

या धंद्यात नावांचा दुष्काळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. तांदूळ धुवायची ती रोवळी, धान्य पाखडायचे ते सूप, भाकरी ठेवायची ती दुरडी, फुलांची आणि जोगव्याची ती परडी, आंब्यांची करंडी, कोंबड्या झाकायचे डालगे, दाणे साठवायची कणगी. मोल्स्वर्थसाहेबाने आपल्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली काढली, तेव्हा परमुलखातून आलेल्या त्या माणसाला रोवळी आणि दुरडी यांच्यासाठी वेगवेगळ्या नोंदी कराव्याशा वाटल्या. आमच्या शहरी दुकानांना तेवढीही गरज वाटत नाही. त्यांच्याकडे एकच शब्द, 'बास्केट'. लहान, मध्यम आणि मोठी. एका प्रदर्शनात मी सुपाला भिंतीवर टांगलेले पाहिले आणि दुरडीवर 'फ्रूट बास्केट' अशी चिठ्ठी पाहिली. चिठ्ठी लिहिणारी मुलगी मराठीच होती. तिच्या आजीला विचारले असते तर तिने दुरडीचे नावच काय, ती कोणत्या अंगाने वळली आहे तेही सांगितले असते. (आणि खुद्द पाटी हा शब्द घ्या. बुरूड विणतो ती पाटी, शेणखत वाहायची. आम्ही पोरांना धुळाक्षरे गिरवायला देत होतो तीही पाटी. दुकानावर लागते तीही पाटी. तिन्ही ज्या बाईच्या आयुष्यात आल्या, तिला नाव ठेवायला पुण्याहून माणूस का लागावा?)

यावर मला जे उत्तर मिळते ते मी पुष्कळदा ऐकले आहे. "मास्तर, नावानेच माल खपतो." खपतो, हे मी नाकारीत नाही. बाजारात गोणपाटावर दीडशेला सांगितलेली दुरडी आपण सव्वाशेला मागतो, आणि मिळाली नाही तर चार पावले पुढे जाऊन परत वळून पाहतो. तीच दुरडी पिवळ्या दिव्याखाली 'हरिततृण' अशा चिठ्ठीसह चारशेला ठेवली, तर मुकाट्याने पैसे मोजून वर दुकानदाराचे आभार मानतो. मध्ये जे अडीचशे रुपये वाढले ते नावाचे. माझा प्रश्न एवढाच आहे, की ते नाव कोणाच्या मालकीचे?

इथेच खरी गोम आहे. 'वेणुशिल्प' या नावाला या तिघींची गरज नाही. उद्या भांडवलवाला कोणी आला, त्याने गाळा घेतला, नाव घेतले, माल दुसरीकडून यंत्रावर करवून आणला, तरी 'वेणुशिल्प' जसेच्या तसे राहील. सासू थकली, जाऊ माहेरी गेली, हिने भाव वाढवून मागितला म्हणून हिला काढून टाकले, तरी पाटीवरचे एक अक्षर हलणार नाही. गिऱ्हाईक त्याच पाटीखाली उभे राहील, तेवढेच पैसे देईल आणि खेड्यातल्या कलेला हातभार लावल्याचे समाधान घेऊन घरी जाईल. नाव जितके सुंदर आणि जितके हवेतले, तितका त्याच्याखालचा माणूस बदलणे सोपे. दुकानाला नाव देताना कारागिराला वगळतात ते काव्याच्या ओढीने, असे मलाही पूर्वी ऐकवले गेले आहे. पण त्या काव्याचा हिशेब प्रत्येक वेळी कारागिराच्या विरुद्धच कसा निघतो?

नावाला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी या बांबूचीच गोष्ट ऐकावी. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाची जी व्याख्या केली, तीत बांबूचेही नाव घातले. एवढ्या एका शब्दामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून वाहून नेणे हा ठिकठिकाणी परवान्याचा मामला झाला. नव्वद वर्षे गवत हे झाड होते. २०१७ साली दुरुस्ती झाली, व्याख्येतून बांबू हा शब्द गाळला गेला, आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू कायद्याच्या तावडीतून सुटला. बांबू होता तसाच होता; बदलले ते त्याचे नाव. त्या दृष्टीने 'हरिततृण' सुचवणारा निदान शास्त्राला धरून होता, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

सरकारची भाषा रूक्ष म्हणून आपण तिला हसतो. पण १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना निघाली, तिच्यात १८ धंद्यांची यादी आहे, आणि तीत टोपली, चटई, झाडू करणारे असे सरळ लिहिले आहे. चार ओळी वाचल्या की कोण काय करतो ते कळते. आमच्या कवींपेक्षा हा कारकून मला अधिक जवळचा वाटतो.

पाट्या मराठीत असाव्यात म्हणून राज्याने २०२२ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. लहान दुकानेही तीत आली, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरे देवनागरीहून मोठी नसावीत असे ठरले. मद्य विकणाऱ्या दुकानाला गडकिल्ल्यांचे आणि थोर पुरुषांचे नाव देऊ नये, हेही त्याच वेळी ठरले, ते बरेच झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. परिणाम काय? 'ग्रीन नॉट' हे देवनागरीत लिहिले की कायदा संतुष्ट. लिपी मराठी झाली. पाटी वाचून म्हातारीला आत काय मिळते ते कळेल, अशी अट कोणत्याच कायद्यात नाही. ती अट घालायचे काम कायद्याचे नव्हेच. ते ज्याच्या त्याच्या अकलेचे आहे.

गावाचे नाव लावले की पुरे, असे काहींचे मत आहे, आणि ते 'वेणुशिल्प'पेक्षा कितीतरी बरे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांचे ते नाव झाले. पुढे जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानला आपल्या प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला उतरवल्या आणि त्यांना नुसत्या चामड्याच्या चपला म्हटले. केवढा गदारोळ उठला! तो योग्यच होता. शेवटी भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने कबूल केले. भांडण चामड्याचे नव्हते, अंगठ्याचे नव्हते. नाव गाळल्याचे होते. पण त्या दिवसांत मी जेवढ्या बातम्या वाचल्या, त्यांत कोल्हापूर होते, संस्कृती होती, अस्मिता तर ओळीओळीला होती. चामडे कमावणारा आणि चप्पल शिवणारा माणूस मात्र 'कारागीर' या एकाच शब्दात उरकला होता. परक्याने गावाचे नाव गाळले म्हणून आपण संतापलो. माणसाचे नाव आपण स्वतःच गाळतो, त्यावर संतापायला इटलीहून कोणी येणार नाही.

आता जरा नाजूक गोष्टीकडे येतो. पुण्याच्या त्या तरुणाला 'वेणुशिल्प' पसंत नव्हते. त्याचे म्हणणे, नाव अस्सल हवे, मातीतले हवे; आणि त्याने सुचवले 'बुरूड आळी'. अक्षरेही काढून पाठवली होती, जुन्या लाकडी ठशांसारखी, दिसायला देखणी. साहेबांना ते एकदम आवडले. मलाही क्षणभर वाटले, की हा निदान खऱ्याच्या जवळ आला. तिने ते वाचले आणि फोन पालथा ठेवला.

"ते नगं," ती म्हणाली. "शाळंत मला कोण काय म्हणून हाक मारायचं, ते तुम्हाला ठावं हाय, गुरुजी."

मला ठाऊक होते. तशी हाक मारणाऱ्या दोघा पोरांना मी वर्गाबाहेर काढले होते. हाक काही बाहेर गेली नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' १९१५ साली निघाले. बलुत्या-अलुत्यांचे ते जुने गाव त्यात सापडते. त्या गावात दुकानाला पाटी नव्हती, आणि सुपाची कड पाहून ते कोणाच्या हातचे आहे ते सांगणाऱ्या बाया होत्या, असे मी आमच्या जुन्या माणसांकडून ऐकले आहे. त्या आठवणीने गहिवरून येणारे पुष्कळ आहेत. पण त्या गावात माणसाला हाक मारीत ती जातीच्या नावाने, आणि हाकेत मान नसे. जो शब्द एकाला अंगावर फेकून मारलेला आठवतो, तो दुसऱ्याला लाकडी ठशात शोभिवंत दिसतो. कारण त्याच्या अंगावर तो कधी पडलेला नसतो. ज्यांना आपल्या जातीचे नाव ताठ मानेने पाटीवर लावावेसे वाटते, त्यांनी खुशाल लावावे. तो त्यांचा अधिकार, आणि असे लावणारे मी पाहिले आहेत. पण तो शब्द दुसऱ्याने सुचवायचा नसतो, आणि 'अस्सल' म्हणून तर मुळीच नाही.

साहेबांची शेवटची हरकत कायद्याची होती. साधे नाव ठेवले तर ते नोंदवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. अर्धे खरे आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे वस्तूचे नुसते वर्णन करणारा किंवा नुसते गाव सांगणारा शब्द सहसा एकट्याच्या मालकीचा करता येत नाही. छान आहे! टोपली हा शब्द कोणाच्या बापाचा नसावा, हे बरेच झाले. पण साहेबांनी तोच कायदा थोडा पुढे वाचायला हवा होता. माणसाने प्रामाणिकपणे स्वतःचे नाव धंद्याला लावले, तर त्याला अडवता येत नाही, असे कलम ३५ सांगते. म्हणजे यादीतल्या कोणत्याही नावावर उद्या दुसरा कोणी हक्क सांगू शकतो. तिच्या स्वतःच्या नावावर नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीचे नाव प्रकाशकाने छापखान्यातच बदलले आणि मला ते मुखपृष्ठावर कळले. पुस्तकाचे नाव गेले, पण त्याखाली माझे होते ते त्याला काढता आले नाही, म्हणूनच पुढच्या पुस्तकाचे पैसे माझ्याकडे आले. तेव्हा हे शास्त्र मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

मी तिला सांगितले ते इतकेच: पाटीवर तिघींची नावे घाल, खाली गावाचे नाव घाल आणि त्याखाली काय मिळते ते लिही. आडनावे नकोत. माहेरचे लावायचे की सासरचे, हा वाद त्यामुळे निघालाच नाही.

निघाला तो दुसराच. सासरा बिथरला. "बायांची नावं हमरस्त्यावर? गावात काय तोंड दाखवू?"

सासू सूप विणीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तोंड नगा दाखवू. बांबू आणा."

थोरलीपासून धाकटीपर्यंत क्रम लावला. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, म्हणून मालाची यादी छाटावी लागली. सुपे, रोवळ्या, दुरड्या, परड्या राहिल्या, कणगी आणि डालगे गेले. "ज्याच्याकडं कोंबड्या हाईत त्यो इच्यारंल," असे धाकट्या जावेचे मत पडले. पेंटरने 'आणि इत्यादी' फुकट घालून देतो म्हणून पुष्कळ आग्रह केला. माझी विद्यार्थिनी म्हणाली, इत्यादी आम्ही विणत नाही. साहेब नाराज आहेत. पुण्याच्या तरुणाने मात्र पाटीचा फोटो मागवून घेतला आणि पुढच्या खेपेला सहा परड्या नेल्या. तो मनाने वाईट नाही.

ती तीन नावे मी येथे छापत नाही. तिला विचारले होते. "मासिकात नगं, गुरुजी," ती म्हणाली. "वाचतील आन् ठिवून देतील. रस्त्यावर पाटी हाय, गाडी थांबवून वाचू देत." कोल्हापूरहून येताना, घाट उतरायच्या आधी, गाळा डाव्या हाताला लागतो. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत तो बंद असतो.